पाळीवरचे अरण्य

नवेगावबांधचा तलाव पाहायला आलेला माणूस ज्या जागेवर उभा राहून पाण्याकडे बघतो, ती जागा मात्र त्याच्या नजरेतून बहुधा निसटते. समोर दूरवर पसरलेले पाणी असते, पलीकडे सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या, त्यांच्यावर ऐन, मोह, तेंदू, सागाचे रान. हिवाळा असेल तर पाण्यावर बदकांचे आणि वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके. हे सगळे पाहून मनात येणारा शब्द एकच: निसर्ग. पण पायाखाली असते ती मातीची पाळ. माणसांनी पाट्यापाट्याने माती वाहून, बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी तुडवून बसवलेली. ही पाळ नसती तर पलीकडचे पाणी पावसाळ्याबरोबर नाल्याने वाहून गेले असते, आणि पाणी नसते तर हिवाळी पाखरांना तिथे उतरायला कारणच उरले नसते. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास म्हणूनच वाघापासून किंवा सरकारी अधिसूचनेपासून सुरू करून चालत नाही. तो धानापासून सुरू करावा लागतो. नवेगावबांधचे पाणी आधी शेतीचे होते, शेतीसाठी शतकानुशतके राखले गेले आणि त्या राखणीमुळेच ते रानाचे आणि पाखरांचे झाले. त्याचे रक्षण करायचे तर ज्या व्यवस्थेने ते राखले तिला रक्षणाबाहेर ठेवता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

पहिला पुरावा गावाच्या नावातच आहे. नवे गाव, आणि त्याचा बांध. जवळपास सिरेगावबांध आहे, साकोलीकडे शिवनीबांध आहे. या मुलुखात तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची, गणती गावांच्या गणतीशी स्पर्धा करते. जुन्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणत ते याचमुळे. गावाच्या नावाला बांध चिकटतो तेव्हा गावाच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना बांध घालण्याचीच होती, असे मानायला हरकत नाही. दुसरा पुरावा गॅझेटिअरांतला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने हा तलाव बांधला, अशी नोंद तिथे आहे. पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर, घेर सतरा मैलांचा. त्या काळी ना यंत्र, ना कागदावरचा नकाशा. तिसरा पुरावा श्रद्धेचा, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाला. तलावाभोवतीच्या टेकड्यांपैकी एकीवर त्याचे ठाणे आहे. आपल्याकडे नदीला देवी मानतात, डोंगराला देव मानतात; पण इथे लोकांनी देवत्व दिले ते पाणी अडवणाऱ्या माणसाला. पाणी आपोआप आलेले नाही, कुणीतरी ते थांबवले आहे, ही आठवण त्या ठाण्यात जपलेली आहे.

कोलू पाटील एकटा नव्हता. वैनगंगेच्या खोऱ्यातले कोहळी हा तलाव बांधणारा आणि ऊस पिकवणारा समाज. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून आपल्या पूर्वजांना इकडे आणले, अशी त्यांची परंपरा सांगते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात ही कथा आणि कोहळ्यांचे जलकौशल्य या दोन्हींची नोंद आहे. काशीची गोष्ट शब्दशः खरी की कुळाची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी रचलेली, हा वाद घालण्यात फार अर्थ नाही. तिच्यातला महत्त्वाचा धागा वेगळा आहे: जंगलाने भरलेल्या राज्यात वस्ती वाढवायची तर पाणी अडवू शकणारी माणसे हवीत, हे गोंड राजांना कळले होते. तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यायची, असे त्यांचे धोरण होते. चांदा भागात अशा दानाला तुकूम म्हणत. चंद्रपुरात त्या नावाची वस्ती आजही आहे. बक्षीस पाण्याच्या प्रमाणात मिळत असल्यामुळे बांधणाऱ्याला तलाव नुसता बांधून सुटका नव्हती. तो भरला पाहिजे, टिकला पाहिजे आणि खालच्या शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंत, त्याचे पाणी पोचले पाहिजे. या एका अटीत देखभालीची सारी व्यवस्था बीजरूपाने आली.

आता पाळीकडे जरा जवळून पाहू. मातीची पाळ म्हणजे नुसता ढिगारा नव्हे. पाया रुंद, माथा अरुंद, पाण्याकडचा उतार लाटांनी खचू नये म्हणून दगडांनी मढवलेला. पाळीतून पाणी काढायचे तोंड म्हणजे तुडूम; तिथून पाट किंवा नहर निघते आणि बांध्याबांध्यांतून खाली उतरत जाते. जास्तीचे पाणी निघून जायला बाजूला सांडवा हवाच, कारण मातीच्या पाळीवरून पाणी एकदा वाहिले की काही तासांत ती कापली जाते. पाळीचे शत्रू लहान असतात. उंदराचे बीळ, खेकड्याचे भोक, वाळलेल्या झाडाचे कुजलेले मूळ. यांतून आधी ओल येते, मग झिरपा लागतो, मग माती वाहू लागते. म्हणून दर उन्हाळ्यात, मृगाआधी, पाळ पाहायची, भोके बुजवायची, माती चढवायची, पाट साफ करायचे. कोहळ्यांचे कौशल्य बांधण्यात जितके होते तितकेच या दरसालच्या कंटाळवाण्या कामात होते, आणि तीनशे वर्षे तलाव टिकला तो दुसऱ्यामुळे. मातीची रचना बांधून विसरता येत नाही. जे विसरता येत नाही ते टिकवायला समाज लागतो.

हे पाणी धानासाठी कशाला हवे होते, असाही प्रश्न पडू शकतो. या भागात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दुष्काळी म्हणावा असा हा प्रदेश नाही. पण धानाला पाऊस किती पडला यापेक्षा केव्हा पडला याची पर्वा जास्त. रोवणीच्या वेळी पाऊस ओढला तर पऱ्हे वाळतात, आणि हस्त-चित्रा कोरडे गेले तर लोंबी भरायच्या ऐन वेळी बांध्या भेगाळतात. तलाव बांधला तो या दोन खिंडी ओलांडण्यासाठी. पावसाळ्यात तो भरून घ्यायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, धान गर्भावर असताना, तुडूम उघडायचे. याचा परिणाम तलावावर काय होतो ते पाहण्यासारखे आहे. शेतीला पाणी सुटले की काठ मागे सरतो. पोटातली सपाट जमीन उघडी पडू लागते, कडेला गुडघाभर, मग घोटाभर पाणी उरते, चिखलात किडे आणि गोगलगायी दिसू लागतात, पाणवनस्पतींना ऊन मिळते. आणि नेमक्या याच सुमारास, पावसाळा सरल्यावर, उत्तरेकडून हिवाळी पाहुणे येऊ लागतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांना खोल पाण्यापेक्षा उथळ काठ हवा असतो. चिखलात चालणाऱ्या पाखरांना तर चिखलच हवा. कमळपक्ष्याला तरंगती पाने हवीत, जांभळ्या पाणकोंबडीला लव्हाळा हवा. धानाचे वेळापत्रक आणि पाखरांचे वेळापत्रक असे एकमेकांत बसले. हे कुणी ठरवून केले नव्हते. पण जे अजाणता बसले ते अजाणता मोडताही येते, आणि म्हणूनच ते समजून घ्यायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की श्रेय टेकड्यांचे आहे. निसर्गाने खोलगट परात दिलीच होती, माणसाने फक्त तिची एक फट बुजवली. यात तथ्य आहे. कोहळ्यांची सारी हुशारी ती फट नेमकी ओळखण्यात होती. पण फट बुजलेली नसताना त्या परातीत पाणी राहत नव्हते, हेही तितकेच खरे. शिवाय परात दर पावसाळ्यात गाळाने भरत असते. डोंगरावरून येणारी माती तळाशी बसते, आणि माणसाचा हात थांबला की तलाव हळूहळू दलदल, मग कुरण, मग रान होतो. निसर्गाला मोकळे सोडले तर तो तलाव राखणार नाही, बुजवून टाकेल. रानात काही करू नये म्हणजे रान राहते, हे रानाच्या बाबतीत पुष्कळदा खरे असेल. तलावाच्या बाबतीत ते खरे नाही.

नवेगावबांधचे उदाहरण एकाकीही नाही. श्रीलंकेतले मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यान पाहा. कोरड्या ऋतूत शेकडो हत्ती तिथल्या तलावाच्या उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत खायला जमतात आणि जगभरातून लोक ते पाहायला जातात. पण तो तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात भातशेतीसाठी बांधला. उद्यान झाले ते १९९७ साली. आणि लोकांनी महासेनालाही मिन्नेरियाचा देव मानले! कोलासूर आणि महासेन यांच्यात चौदाशे वर्षांचे आणि एका समुद्राचे अंतर आहे, तरी धान पिकवणाऱ्या दोन समाजांनी पाणी अडवणाऱ्याला एकाच आसनावर बसवले. तिथे अलीकडे दुसऱ्या धरणांचे पाणी सोडून तलाव कोरड्या ऋतूतही भरलेला राहू लागला, काठचे गवत बुडाले आणि हत्तींचे जमणे विस्कळीत झाले, अशी तक्रार अभ्यासक करीत आले आहेत. पाणी कमी होण्याने जसे नुकसान होते तसे वेळ चुकल्यानेही होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

भरतपूरच्या केवलादेवची कहाणी आणखी बोधक आहे, आणि दुःखद. तिथली पाणथळ अजान बांधाच्या पाण्यावर उभी. तो बांध अठराव्या शतकातला, सूरजमलच्या काळचा. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि गावकऱ्यांच्या म्हशींना चराई बंद केली गेली. त्यावरून उसळलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघाले ते असे: म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत माजले, त्याने मोकळे पाणी गिळले आणि बदकांसाठी जागा कमी झाली. डॉ. सालिम अली स्वतः चराईबंदीच्या बाजूचे होते. त्यांच्याच संस्थेने विरुद्ध निष्कर्ष मांडला, ही गोष्ट तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून मी सांगतो. चराई सरसकट चांगली असते असे यातून सिद्ध होत नाही; कोरड्या जंगलात ती विध्वंसही करते. एवढे मात्र दिसते, की माणसाच्या हाताने घडलेल्या पाणथळीतून माणसाचा हात काढून घेतला तर पाणथळ मूळपदावर जात नाही. तिला मूळपद असे नसतेच.

मग नवेगावबांधच्या मुलुखात तो हात केव्हा सैल झाला? बहुतेकांचे उत्तर असते की राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा. पुराव्याकडे पाहिले तर तुटण्याची तारीख त्याच्या दोन तपे आधी पडते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतात मालगुजारी पक्की केली तेव्हा पाटील मालगुजार झाले आणि तलाव त्यांच्या मालकीत गेले. ३१ मार्च १९५१ पासून तत्कालीन मध्य प्रदेशात मालकी हक्क नष्ट करणारा कायदा लागू झाला आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांचे नाव पडले माजी मालगुजारी तलाव, बोलीत ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. कायद्याने मालकी बदलली. पण उन्हाळ्यात पाळीवर माती कोण टाकणार, तुडूम कोण उघडणार, कुणाच्या बांधीला आधी पाणी, कुणाच्या नंतर, हे कायद्यात कुठेच नव्हते. जे पाणी गावाच्या निस्तारात, म्हणजे सामाईक वापराच्या हक्कात, होते त्यावर पट्टी मागितली जाऊ लागली. शेतकऱ्यांनी विरोध केला. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही, असा फेरा सुरू झाला. त्यात भंडारा जिल्ह्याने नऊ वर्षांत तीन राज्ये पाहिली: आधी मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. मासेमारीचा ठेका आणखी वेगळ्या खात्याचा. भोवतीचे रान वनखात्याचे. एका पाण्याचे इतके धनी झाले की पाळीतल्या खेकड्याच्या भोकाची काळजी करायला कुणीच उरले नाही.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणे म्हणजे मालगुजारीचे गोडवे गाणे नव्हे काय? कोलू पाटलाचे नाव देव म्हणून राहिले. ज्या गोंडांनी, ढिवरांनी, महारांनी, इतर कष्टकऱ्यांनी डोक्यावरून माती वाहिली त्यांची नावे कोणत्याही गॅझेटिअरात नाहीत. पाणीवाटपाचा निर्णय पाटलाच्या वाड्यात होत असे आणि पाळीवरच्या कामाला नाही म्हणण्याची सोय गरिबाला नव्हती. मालगुजारी जायलाच हवी होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण एखाद्याच्या हातून चाबूक काढून घेताना त्याच्या दुसऱ्या हातातली चावी कुणाकडे द्यायची, हे ठरवावे लागते. १९५१ मध्ये ती चावी गावाला देता आली असती. पाळीवर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माती टाकली त्यांनाच तलावाचे मानकरी करता आले असते. मग मालगुजाराचा अन्याय गेला असता आणि त्याच्या देखरेखीतले शहाणपण उरले असते. तसे झाले नाही. मालकी वाड्यातून कचेरीत गेली आणि माती वाहणारा होता तिथेच राहिला. फरक एवढाच की आता त्याला माती वाहायला कुणी बोलावीत नव्हते. जुन्या विषमतेवर टीका करणाऱ्यांनी या दुसऱ्या वंचनेचीही दखल घ्यायला हवी.

१९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, १३३.८८ चौरस किलोमीटरचे. २०१३ च्या डिसेंबरात ही दोन्ही आणि लगतची अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, राज्यातला पाचवा. या निर्णयांनी रान वाचवले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. वृक्षतोड आणि शिकार यांच्या त्या काळातल्या रेट्यापुढे कायद्याच्या कुंपणाशिवाय दुसरे काही टिकले नसते. कुंपणाला माझा विरोध नाही. मात्र व्याघ्र प्रकल्पाच्या भूगोलातही तलावांची साखळी डोकावतेच. नागझिऱ्याला जाणारी एक वाट चोरखमाऱ्याहून आत शिरते, आणि चोरखमारा, बोदलकसा हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत सरकारी पाटबंधाऱ्यांनी धानासाठी बांधलेले तलाव. म्हणजे वाघाच्या दारावरही पाटाचे पाणी. मराठी वाचकाला हे अरण्य ओळखीचे करून दिले ते मारुती चितमपल्ली यांनी. वनाधिकारी म्हणून ते इथे होते आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक याच काठावरचे. त्यांच्या लेखनात गावचे माधवराव पाटील डोंगरवार पुन्हा पुन्हा भेटतात, पाखरांची नावे, सवयी, रानातल्या खुणा सांगताना. मला यात केवळ दोन रानवेड्यांची मैत्री दिसत नाही. पाण्याच्या काठी पिढ्या घालवलेल्या घरातले ज्ञान शासकीय वनविद्येच्या हाती सोपवले जात होते, असा तो क्षण होता. पुस्तकात ते आले. व्यवस्थेत ते यायला हवे होते.

कुंपणाच्या मर्यादा सर्वांत ठळक दिसतात त्या सारसाच्या बाबतीत. महाराष्ट्रात हा पक्षी आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच, मोजक्या संख्येने उरला आहे. सारस रानात राहत नाही. उथळ तलाव आणि त्याखालच्या धानाच्या बांध्या हेच त्याचे घर. पावसाळ्यात बांधीत नाहीतर तलावाच्या कडेला तो गवताकाड्यांचा ढीग रचून घरटे करतो, सहसा दोन अंडी घालतो आणि शेतकऱ्याने हाकलले नाही तर पिलू तिथेच वाढवतो. त्याला वाचवायला वाघाची हद्द उपयोगाची नाही. त्याला हवा पाळ धडधाकट असलेला तलाव, विषारी फवारे आवरलेली बांधी आणि घरट्यापुरता चार हात धान सोडून देणारा शेतकरी. म्हणजे कोलू पाटलाच्या काळी जे एकत्र होते, तलाव, शेत आणि माणूस, ते पुन्हा एकत्र लागते. राष्ट्रीय उद्यानाच्या नकाशावर या तिन्हींपैकी दोन गोष्टी हद्दीबाहेर आहेत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: काळ बदलला, आता गावाच्या हाती पाणी देऊन जुने दिवस परत येणार नाहीत. आता मोटारपंप आहेत, उन्हाळी धान आहे, रासायनिक खते आहेत, ठेक्याने होणारी मासेमारी आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि जुने दिवस परत आणावेत असे मी म्हणतही नाही. बदल काय झाला ते मात्र नीट मोजले पाहिजे. तलावात जास्त वजन देणारे मासे सोडण्याच्या धोरणात गवत खाणारा ग्रास कार्प आला आणि त्याने पाणवनस्पती फस्त केल्या. त्या वनस्पतींवर स्थानिक माशांची अंडी वाढत आणि पाखरांची पोटे भरत. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम पाळीवर आणि काठावर माजली. तिची मुळे पाळ फोडतात आणि गुरेही तिला तोंड लावत नाहीत. गाळ साचून पोट उथळ झाले, अतिक्रमण करून त्यात शेती झाली. यातली एकही गोष्ट गावाने सभा घेऊन ठरवलेली नव्हती. ज्या पाण्याला कुणी धनी नव्हता त्याचे जे होते तेच झाले. तेव्हा गावाला अधिकार दिले तर तलावाची नासाडी होईल असे म्हणणाऱ्यांनी, अधिकार नसताना काय झाले याचे उत्तर आधी द्यावे.

आणि अधिकार नसतानाही काही ठिकाणी माणसे कामाला लागली आहेत. याच अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मासेमारांबरोबर तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम हाती घेतले. मासे का घटले, हा प्रश्न तिथे आधी म्हाताऱ्या ढिवरांना विचारला गेला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, कोणत्या पाण्यात पिले वाढतात, कोणते झाड नाहीसे झाल्यावर कोणता मासा दिसेनासा झाला, हे त्यांना ठाऊक होते. मग पाणी आटल्यावर, उन्हात, बायाबापड्यांनी बेशरम मुळासकट उपटली, पोटातल्या जमिनीचे काही तुकडे नांगरले आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती हाताने लावल्या, जशी रोवणी करतात तशी. तलावाच्या पोटात रोवणी: धानाच्या मुलुखातल्या माणसालाच हे सुचावे. पावसाने तलाव भरला तेव्हा ती झाडे पाण्याबरोबर वर आली, आणि त्यांच्या आसऱ्याला आधी मासे, मग पाखरे परतू लागली.

या तलावांच्या काठी उगवणाऱ्या वनस्पतींत एक देवधान आहे. ते कुणी पेरत नाही. पाणी चढेल तशी त्याची काडी लांबत जाते आणि लोंबी पाण्यावर डोलत राहते. दाणा पिकला की लगेच गळतो, म्हणून विळ्याने कापून चालत नाही. भल्या सकाळी डोंग्यातून जाऊन लोंब्या टोपलीत झटकाव्या लागतात. जे हाती लागते ते माणसाच्या उपवासाला, जे सुटते ते बदकांना आणि माशांना, आणि जे चिखलात रुतते ते पुढच्या पावसाळ्याला. अट एकच, पाणी वेळेवर चढले पाहिजे आणि वेळेवर उतरले पाहिजे. ते चढवायला पाळ लागते आणि उतरवायला तुडूम.